बोलतंय कोण, कार्डिनल की राजदूत?

८ मार्च १६३२. रोममध्ये कॉन्सिस्टरी भरली होती. कॉन्सिस्टरी म्हणजे पोपसमोर होणारी कार्डिनलांची, म्हणजे त्याच्या वरिष्ठ सल्लागार धर्मगुरूंची, सभा. तिथे स्पेनचा कार्डिनल गास्पार दे बोर्हा इ वेलास्को लिहून आणलेला निषेध वाचू लागला. आशय असा, की जर्मनीत स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताफ आडोल्फ कॅथलिक मुलूख तुडवत चालला आहे, आमचा राजा कधीपासून मदत मागतो आहे, आणि पोप मात्र हात बांधून बसला आहे. उद्या धर्माची हानी झाली तर तिचा दोष स्पेनवर येता कामा नये. पोप आठव्या उर्बानने त्याला मध्येच तोडलं आणि विचारलं की तू कोण म्हणून बोलतोयस? कार्डिनल म्हणून बोलत असशील, तर विचारल्याशिवाय सल्ला देण्याचा तुला हक्क नाही. राजदूत म्हणून बोलत असशील, तर राजदूताचं म्हणणं भेटीच्या दालनात ऐकतात, इथे नाही. पोपचा सख्खा भाऊ आंतोनिओ बार्बेरिनी, तोही कार्डिनलच, बोर्हाला आवरायला धावला. सभेत आरडाओरड झाली. पण मजकूर कागदावर होता, त्यामुळे तो काही दाबला गेला नाही.

महिना उलटायच्या आत हाच प्रश्न दुसऱ्या दारातून आत आला. हंगेरीतला एस्टरगोमचा आर्चबिशप, कार्डिनल पेतेर पाझमान्य, पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फर्डिनांडचा खास राजदूत म्हणून रोमला पोचला. मागणं तेच होतं, पैसा आणि कॅथलिक राजांची एकजूट. पोपच्या दरबाराने त्याला राजदूत म्हणून स्वीकारायलाच नकार दिला. कारण वर वर पाहता मानाचं दिलं: कार्डिनल हा राजांच्या तोडीचा, मग त्याने दुसऱ्याचा निरोप्या होऊन यावं हे त्या पदाला शोभत नाही. पाझमान्य पंडित माणूस. याआधी कोणकोणत्या कार्डिनलांनी राजांची वकिली केली होती याचे दाखले त्याने पुढे ठेवले. उपयोग झाला नाही. कार्डिनल म्हणून या, बसा, बोला. राजदूत म्हणून नको.

माझ्या मते या नकारात तत्त्व थोडं आणि सोय फार होती. बोर्हाचा तमाशा ताजा होता, आणि राजदूताला उत्तर द्यावं लागतं, कार्डिनलाला नुसतं ऐकून घेतलं तरी चालतं. पण उर्बानने विचारलेला प्रश्न खरा होता आणि त्याच्या आधी दीडशे वर्षं व नंतरही दीडशे वर्षं तो सुटला नाही. कार्डिनलाला राजदूत नेमण्यात राजांचा फायदा कुठे होता आणि फसगत कुठे होत होती, हे त्या एका प्रश्नातून नीट उलगडतं.

आधी एक गल्लत दूर करू. पोपने बाहेर पाठवलेले दूत निराळे. कायम मुक्कामी असणारा तो नन्सिओ. तो साधारणपणे बिशप असे. मोठ्या प्रसंगी पोपची पूर्ण सत्ता घेऊन जाणारा कार्डिनल तो लेगेट. हे दोघेही पोपची माणसं. इथे विषय उलट्या दिशेचा आहे: पोपच्या सल्लागारमंडळात बसणारा माणूस राजाचं काम करतो. त्याचेही तीन प्रकार होते आणि कागदपत्रं वाचताना ते सतत एकमेकांत मिसळतात. पहिला ‘मुकुटाचा कार्डिनल’, म्हणजे ज्याची लाल टोपी, अर्थात कार्डिनलपद, एखाद्या राजाच्या शिफारशीने आली तो. दुसरा ‘संरक्षक’, म्हणजे रोममध्ये एखाद्या राज्याची चर्चविषयक कामं पुढे रेटणारा. हा बहुधा इटालियन असे आणि त्या राज्यात त्याने पाऊलही टाकलेलं नसे. तिसरा प्रत्यक्ष राजदूत, ज्याच्याकडे राजाचं अधिकारपत्र, सूचनापत्र आणि सांकेतिक लिपीचा तक्ता असे. एकच माणूस तिन्ही असू शकतो. १६४१ साली कार्डिनल झालेला माझारँ फक्त पहिल्या प्रकारातला. त्याने फ्रान्सचं राज्यच चालवलं, पण ते पॅरिसमध्ये बसून. रिशल्यला १६२२ साली कार्डिनलपद मिळालं, लाल बिरेटा (चौकोनी टोपी) राजाने त्याच्या डोक्यावर ल्योंमध्ये ठेवला, आणि रुंद काठाची खरी टोपी घ्यायला तो रोमला कधी गेलाच नाही. बिरेटा पोपचा माणूस घेऊन येऊ शके, टोपी मात्र पोपच्या हातूनच मिळे.

संरक्षकाचं काम रूक्ष वाटतं, पण सगळी किल्ली तिथे होती. १५१६ च्या बोलोन्या करारानंतर फ्रान्समध्ये बिशप कोण हे राजा सुचवी, पण पोपची सनद आल्याखेरीज तो माणूस बिशप होत नसे. राजाचं नामनिर्देशनाचं पत्र रोमला येई. उमेदवाराचं वय, शिक्षण, वर्तन आणि त्या बिशपप्रांताची अवस्था याबद्दलची साक्षीपुराव्यांची चौकशी नोंदवली जाई. मग संरक्षक कार्डिनल एका कॉन्सिस्टरीत ‘पुढच्या वेळी हे नाव मांडणार आहे’ असं जाहीर करी आणि पुढच्या सभेत प्रत्यक्ष मांडी. पोपने मान्यता दिली की शुल्क भरायचं, तेव्हा कुठे सनद हाती पडे. यातली कुठलीही पायरी अडली की प्रांत रिकामा. संरक्षकाला प्रत्येक नावामागे दस्तुरी मिळे, त्यामुळे या पदासाठी चढाओढ असे.

ही यंत्रणा उलटी फिरली की काय होतं ते चौदाव्या लुईने अनुभवलं. १६८२ साली फ्रेंच धर्मसभेने पोपच्या अधिकाराला मर्यादा घालणारी चार कलमं मंजूर केली. त्या सभेत बसलेल्यांना राजाने बिशप म्हणून सुचवलं की पोप अकरावा इनोसंट सनदच देईना. १६८८ पर्यंत पस्तीस बिशपप्रांत ओस पडले. राजाचे सामान्य राजदूत इथे काही करू शकले नाहीत. त्यातला एक, मार्की द लाव्हार्दँ, १६८७ साली शेकडो शस्त्रधारी घेऊन रोममध्ये शिरला आणि बहिष्कृत होऊन बसला. तिढा सुटला १६९३ मध्ये, दोन पोप मरून गेल्यावर, आणि मधल्या काळात दोर हातात होते ते कार्डिनल द’एस्त्रे आणि कार्डिनल फोर्बाँ-झाँसों यांच्यासारख्यांच्या. पैकी फोर्बाँ-झाँसों आधी पोलंडमध्ये राजदूत होता. तिथे राजा निवडून दिला जाई, आणि त्या निवडणुकीची बाजारपेठ त्याने १६७४ सालीच पाहिली होती. रोमचं वातावरण त्याला नवं नव्हतं.

आता कॉन्क्लेव्ह, म्हणजे नवा पोप निवडण्यासाठी बंद दारांआड होणारी कार्डिनलांची सभा. कार्डिनल-राजदूताची खरी किंमत इथे वसूल होई. पोप मेला की साध्या राजदूताचा आधारच जातो, कारण त्याचं अधिकारपत्र त्या पोपच्या नावे असतं. त्या काळी दहाव्या दिवशी कार्डिनल आत जात आणि राजदूत भिंतीबाहेर उरे. कार्डिनल-राजदूत मात्र आत असे, आणि त्याला मतही असे.

गणित सोपं आहे. ११७९ पासून दोन-तृतीयांश मतं लागतात. पाचव्या सिक्स्टसने १५८६ साली कार्डिनलांची कमाल संख्या ७० ठरवली, तीन श्रेणींत: सहा बिशप, पन्नास प्रीस्ट, चौदा डीकन. सगळे कधीच हजर नसत. समजा ६० आले, तर निवडून यायला ४० हवेत आणि कुणाला पाडायला २१ पुरे. म्हणून राजाच्या गुप्त सूचनापत्रात दोन याद्या असत: हे चालतील, हे चालणार नाहीत. शहाणा कार्डिनल पहिली यादी मनातच ठेवी, कारण ‘हा स्पेनचा माणूस’ असं एकदा बाहेर फुटलं की फ्रान्सची माणसं त्याच्याविरुद्ध एक होत. १५९० मध्ये स्पेनचा राजदूत ओलिव्हारेस याने सात मान्य नावांची यादी उघड उघड पुढे केली. सत्तरांच्या मंडळात फक्त सातच माणसं पोप व्हायला लायक, असा त्याचा अर्थ झाला आणि कार्डिनल दुखावले. आठवडेच्या आठवडे गेले तेव्हा सातांपैकीच एक, चौदावा ग्रेगरी, निवडून आला. म्हणजे स्पेन जिंकला, पण त्याची बोच मागे राहिली.

दुसरं हत्यार उघड नकाराचं. फ्रान्स, स्पेन आणि सम्राट या तिघांनी हळूहळू असा रिवाज पाडला की मुकुटाचा विश्वासू कार्डिनल आत उठून म्हणेल, अमुक माणूस आमच्या राजाला मान्य नाही. १६४४ साली स्पेनच्या वतीने कार्डिनल आल्बोर्नोसने जुलिओ साक्केत्तीचं नाव असं अडवलं. हे शस्त्र एकदाच चालतं. लवकर उगारलं तर पुढचा अधिक नकोसा उमेदवार मोकळा सुटतो, उशिरा उगारलं तर मतं झालेली असतात. म्हणून ते कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न राजासाठी फार नाजूक. बाहेरून निरोप पाठवून हे जमत नाही. शिवाय अंतर आहेच: फ्रान्स किंवा स्पेनमधून निघालेला कार्डिनल दहा दिवसांत रोम गाठू शकत नसे. जो आधीच रोममध्ये मुक्कामाला आहे तोच उपयोगाचा. राजदूत म्हणून तिथे राहिलेला कार्डिनल या दृष्टीने फुकटात पडत असे.

फुकटात म्हणजे अक्षरशः. साध्या उमराव राजदूताला खजिन्यातून पगार द्यावा लागे, तो वेळेवर येत नसे आणि बिचारा सावकाराच्या दारात उभा राही. कार्डिनलाला राजा एखादा बिशपप्रांत किंवा दोन-तीन मठांचं उत्पन्न लावून देई. खर्च चर्चचा, काम राजाचं. बोर्हाकडे सेव्हियाचं आर्चबिशपपद होतं, स्पेनच्याच सेवेतल्या कार्डिनल ग्रानवेलकडे मेखेलेनचं, पुढे फ्रान्सच्या कार्डिनल बेर्निसकडे आल्बीचं. हीच दोरी गरज पडली की आवळता येई. पण एक गाठ अशी होती जी पोपच्या हातात होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बिशपने आपल्या प्रांतात राहावं असा नियम घातला होता. सगळे त्याकडे काणाडोळा करत. बोर्हाच्या निषेधानंतर उर्बानने १६३४ च्या डिसेंबरात तोच नियम नव्या आज्ञापत्राने कडक केला, आणि सेव्हियाच्या आर्चबिशपला रोम सोडून आपल्या कळपाकडे जाणं भाग पडलं. राजदूताला हाकललं असतं तर स्पेनशी युद्धाचा प्रसंग. बिशपला कर्तव्याची आठवण करून दिली, त्यावर कोण काय बोलणार? हा डाव मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणा वाटतो.

लाल झग्याचा उपयोग कुठे होत असे याचा सर्वांत चांगला नमुना मात्र १६०७ चा आहे. व्हेनिसने दोन धर्मगुरूंना फौजदारी गुन्ह्यांसाठी आपल्या तुरुंगात टाकलं होतं. पोप पाचव्या पॉलने ते चर्चच्या स्वाधीन करा म्हटलं, व्हेनिस ऐकेना, एप्रिल १६०६ मध्ये सबंध प्रजासत्ताकावर धर्मबंदी आली, म्हणजे तिथली उपासना आणि संस्कार बंद करण्याचा हुकूम निघाला. दोन्ही बाजूंना माघार हवी होती पण माघार घेतली असं दिसायला नको होतं. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने कार्डिनल फ्रांस्वा द झ्वायोझला पाठवलं. त्याच्याजवळ दोन अधिकार होते: राजाचा मध्यस्थ म्हणून बोलण्याचा, आणि पोपने दिलेला, धर्मबंदी उठवण्याचा. २१ एप्रिल १६०७ ला काय झालं ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. व्हेनिसच्या सचिवाने कैदी फ्रान्सच्या नेहमीच्या राजदूताकडे दिले, आमच्या न्यायाच्या हक्काला बाधा न येता, केवळ फ्रान्सच्या राजाचा मान राखण्यासाठी, असं म्हणून. राजदूताने ते झ्वायोझकडे दिले. झ्वायोझने पोपच्या माणसाकडे. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कैद्यांचा अर्थ बदलला: व्हेनिसने ते राजाला दिले, पोपला ते चर्चकडून मिळाले. नंतर झ्वायोझने सरकारच्या दालनात, गाजावाजा न करता, बंदी उठवली. व्हेनिसला क्षमा मागावी लागली नाही, आणि पोपला क्षमा केली असं म्हणता आलं. साखळीतली मधली कडी साधा उमराव असता तर दुसरा अर्धा भाग जमलाच नसता, आणि नुसता लेगेट असता तर पहिला अर्धा.

लक्षात घ्या की इथे राजदूत आणि कार्डिनल हे दोघं दोन माणसं होते. मला वाटतं हाच मुरलेला नुसखा. चौथ्या हेन्रीचाच दुसरा माणूस, आर्नो दोसा. गरीब घरातून वर आलेला हा धर्मगुरू रोममध्ये राजाचं काम वर्षानुवर्षं करत होता. १७ सप्टेंबर १५९५ ला सेंट पीटरसमोर क्लेमेंट आठव्याने पूर्वी प्रोटेस्टंट असलेल्या हेन्रीला पापमुक्त केलं तेव्हा राजाच्या जागी दोसा आणि त्याचा सोबती धर्मगुरू द्यू पेराँ गुडघे टेकून होते आणि स्तोत्राच्या प्रत्येक ओळीला पोप छडीने त्यांच्या खांद्याला स्पर्श करत होता. तेव्हा दोघांपैकी एकही कार्डिनल नव्हता. दोसाला टोपी १५९९ मध्ये मिळाली. त्यानंतरही राजदूताचा मान आणि मिरवणूक उमरावांकडे राहिली आणि दोसा मागे बसून पोपशी बोले व पॅरिसला पत्रं लिही. त्या पत्रांचा संग्रह पुढच्या शतकात मुत्सद्द्यांसाठी पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. भेट किती वेळ चालली, पोपने कोणता शब्द वापरला, कुठे थांबला, चेहरा कसा झाला, असा त्यात तपशील असतो. आपलं मत तो वेगळं, शेवटी देतो.

ग्रानवेलची गोष्ट वाटाघाटींचीच आहे, पण खडबडीत. १५७० च्या जुलैपासून स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्यात तुर्कांविरुद्धच्या आघाडीची बोलणी रोममध्ये सुरू होती. दुसऱ्या फिलिपने त्यासाठी तीन माणसं नेमली: कार्डिनल ग्रानवेल, कार्डिनल पाचेको आणि नेहमीचा राजदूत हुआन दे सुन्येगा. पुन्हा तेच, टोप्या आणि तलवार एकत्र. करार २० मे १५७१ चा: २०० गॅली (वल्ह्यांची लढाऊ गलबतं), १०० जहाजं, ५०,००० पायदळ, ४,५०० घोडेस्वार, खर्चाचे सहा वाटे, तीन स्पेनचे, दोन व्हेनिसचे, एक पोपचा. बोलणी इतकी लांबली त्यामागे सैन्याच्या आकड्यांइतकंच दुसरं एक कारण होतं. स्पेनच्या चर्चवर कर बसवण्याची जी मुभा पोप वेळोवेळी देई, ती फिलिपला याच मेजावर पदरात पाडून घ्यायची होती. कार्डिनल असून ग्रानवेल पोपशी चर्चच्या पैशासाठी घासाघीस करत होता. ज्यांना हे विसंगत वाटतं त्यांनी लक्षात ठेवावं की त्याला नेमलं होतं तेच त्यासाठी.

मानपान हा या विषयातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. रोममधल्या समारंभांत कोण आधी, फ्रान्स की स्पेन, हा झगडा कायमचा. पोपच्या चॅपेलमध्ये राजांचे दूत सिंहासनाजवळ ठरल्या क्रमाने उभे राहत, आणि पोप चौथ्या पायसने १५६४ साली पहिला मान फ्रान्सला दिला. स्पेनचा राजदूत तिथे गेला तर दुय्यम ठरे, न गेला तर हक्क सोडल्यासारखं. कार्डिनल असलेला दूत मात्र कार्डिनलांच्या बाकावर, आपल्या नियुक्तीच्या ज्येष्ठतेनुसार बसे. राजाचा क्रमांक तिथे लागूच होत नाही. अडचणीतून निघायची ही बारीक फट होती. १६३० मध्ये उर्बानने ‘एमिनन्स’ हा किताब कार्डिनल, सम्राटाची निवड करणारे तीन धर्मगुरू-संस्थानिक आणि माल्टाच्या सरदारसंघाचा प्रमुख एवढ्यांपुरता राखून ठेवला, राजदूत ‘एक्सलन्सी’. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याने या माणसाला काय मानलंय ते कळतं.

राजाचे दफ्तरदारही शब्द जपून वापरत. फ्रेंच कागदांत रोममधल्या कार्डिनलाला अनेकदा राजदूत न म्हणता ‘राजाची कामं सोपवलेला’ असं म्हटलेलं आढळतं. काम तेच, पगार तोच, सांकेतिक लिपीही तीच. पण कार्डिनल कुणाचा दूत कसा, या आक्षेपाला उत्तर देण्याची वेळच येत नाही. एखाद्या यादीत फ्रान्सचा रोममधला राजदूत काही वर्षं कोणीच नव्हता असं दिसलं, तर तिथे बहुतेक कार्डिनल होता असं समजावं.

आता फसगतीकडे. सर्वांत मोठी फसगत ही की कार्डिनलाला राजापेक्षा मोठं काहीतरी हवं असू शकतं, आणि ते द्यायला पोप किंवा नशीब पुरे असतं. कार्डिनल द बुइयोंला चौदाव्या लुईने १६९७ साली रोमला पाठवलं. काम स्पष्ट होतं: आर्चबिशप फेनेलोंच्या ग्रंथाचा पोपकडून निषेध मिळवायचा. बुइयों फेनेलोंचा मित्र. राजदूत म्हणून तो निषेध मागत होता आणि कार्डिनल म्हणून चौकशीत फेनेलोंची बाजू सांभाळत होता. निषेध १२ मार्च १६९९ ला आला, पण राजाला हवा होता त्याहून मवाळ आणि उशिरा. तोवर बुइयोंला दुसरंच दिसू लागलं होतं. कार्डिनलमंडळाचा डीन, म्हणजे प्रमुख, चीबो मरणपंथाला लागला होता आणि त्याच्यानंतर ज्येष्ठतेत बुइयों. ते पद जागा रिकामी होताना रोममध्ये हजर असलेल्यालाच मिळे. १६९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री आजारी पोपऐवजी सेंट पीटरचं पवित्र द्वार त्यानेच उघडलं होतं. तोंडाला चव लागली होती. १७०० मध्ये राजाने परत ये म्हणून हुकूम धाडला. बुइयों हलला नाही. राजाने दरबारातलं पद काढून घेतलं, सन्मानाची निळी फीत परत मागितली, मठांची उत्पन्नं जप्त केली. इकडे चीबो वारला आणि बुइयों डीन झाला. राजाची दोरी तुटली, कारण माणसाला आता त्या दोरीची गरज उरली नव्हती.

साव्हॉयच्या मॉरित्सियोची तऱ्हा निराळी. ड्यूकचा मुलगा, म्हणून पोरवयात कार्डिनल. १६१८ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने भावाचं फ्रेंच राजकन्येशी लग्न जुळवलं, रोममध्ये फ्रान्सचा संरक्षक झाला, आणि १६३०च्या दशकात वारं फिरलं तसा सम्राटाच्या बाजूला गेला. घराण्याचं राजकारण बदललं की अशा कार्डिनलाचा झेंडा बदलतो. १६४२ मध्ये त्याने टोपीच परत केली आणि पुतणीशी लग्न केलं.

व्हेनिसने हा धोका सर्वांत आधी ओळखला होता. रोमविषयी चर्चा निघाली की ज्यांचे आप्त चर्चच्या मोठ्या पदांवर आहेत असे सरदार सभेतून बाहेर काढले जात. राजदूताने परक्याकडून पद घ्यायचं नाही हा नियम. १४९१ मध्ये रोममधला त्यांचा विद्वान राजदूत एर्मोलाओ बार्बारो याने पोपकडून आक्विलेयाचं पेट्रिआर्कपद घेतलं. प्रजासत्ताकाने त्याला परत येऊ दिलं नाही. सत्तर वर्षांनी राजदूत मार्कांतोनिओ दा मुलाला पोपने कार्डिनल केलं तेव्हाही व्हेनिसचा तोच संताप. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच मुत्सद्दी कालिएरनेही हाच मुद्दा मांडला: ज्याला पोपकडून काही मिळण्याची आशा आहे त्याला पोपकडे पाठवू नये.

आणि प्रोटेस्टंटांसमोर लाल झगा निरुपयोगीच. फ्रेंच धर्मगुरू पोलिन्याक उट्रेख्टच्या तहासाठी १७१२ पासून फ्रान्सची बाजू मांडत होता. त्याच वर्षी पोपने त्याला मनातल्या मनात, म्हणजे नाव न फोडता, कार्डिनल केलं. शिफारस होती इंग्लंडचं राज्य गमावलेल्या कॅथलिक स्टुअर्ट दावेदाराची. नाव १७१३ च्या जानेवारीत जाहीर झालं. तहात मात्र इंग्लंडने त्या दावेदाराला हाकलण्याचं कलम घातलं होतं. पोलिन्याक सही होण्याआधी उट्रेख्टहून निघून गेला. तो पुढे १७२४ पासून आठ वर्षं रोममध्ये रमला.

या परंपरेतला शेवटचा मोठा माणूस कार्डिनल द बेर्निस. १७६९ च्या कॉन्क्लेव्हला गेला आणि रोममध्येच राहिला, १७९१ पर्यंत. जेझुइट संघ बरखास्त करायला पोपला भाग पाडण्याच्या फ्रान्स आणि स्पेनच्या खटपटीत तो होता. ते १७७३ मध्ये झालं. तो म्हणे की मी युरोपच्या चौरस्त्यावर फ्रान्सची खानावळ चालवतो. क्रांतीनंतर नव्या राज्यघटनेने धर्मगुरूंकडून शपथ मागितली, ती त्याने घेतली नाही. राजदूतपद गेलं, आल्बी गेलं, उत्पन्न गेलं. कार्डिनलपद तेवढं उरलं, कारण ते काढून घेणं पॅरिसच्या हातात नव्हतं. १७९४ साली तो रोममध्येच वारला.

नकाराचा रिवाज मात्र त्याच्यानंतरही टिकला. १९०३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये क्राकोव्हचा कार्डिनल पुझिना उठला आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने कार्डिनल राम्पोलाच्या नावाला हरकत वाचून दाखवली. निवडून आलेल्या दहाव्या पायसने पुढच्याच जानेवारीत आज्ञापत्र काढलं: यापुढे कोणत्याही राज्याची अशी हरकत, मग ती नुसती इच्छा म्हणून सांगितलेली का असेना, जो कार्डिनल आत आणेल तो त्या क्षणी बहिष्कृत.